मंठ्यातलं वेगळं ताट

जालना जिल्ह्यात हौसेनं फिरायला गेलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. माझ्या ओळखीतल्या लोकांनी जालन्याला गाडी बदलली आहे, लग्नाला जाऊन आले आहेत, तिथली मोसंबी पुण्यात बसून खाल्ली आहेत. मीही फिरायला गेले नव्हते. मी मैत्रिणीकडे राहायला गेले होते, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदाच कुणाकडे राहायला गेले होते. तिथे जे झालं ते सांगायची लाज वाटते. ते गाळून नुसती हुरड्याची आणि कपाशीच्या शेतांची वर्णनं लिहिणं मात्र त्याहून लाजिरवाणं झालं असतं, म्हणून सांगते.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी पुण्यात एकटी राहते. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरीणबाईंनी मला ऑटिझम आहे असं सांगितलं. म्हणजे जन्मापासून होताच, नाव तेव्हा मिळालं. मराठीत ह्याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द घडवणाऱ्याला एक दिवस माझ्याबरोबर लग्नाच्या हॉलवर पाठवायला हवं. स्वतःत मग्न व्हायला मला सवडच नसते. समोरचा आत्ता का हसला, आता माझी बोलायची पाळी आहे का, त्याच्या डोळ्यांकडे किती वेळ बघायचं, ह्या हिशेबातच माझा दिवस जातो आणि संध्याकाळी डोकं ठणकतं. लोक म्हणतात, तुला काय बाई, तुला एकटं राहायला आवडतं. मला एकटीनं जेवायला आवडतं. एकटीनं राहायला नाही आवडत. हा फरक समजावून सांगायचा तर समोर कुणीतरी बसलेलं लागतं, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

नसरीन माझ्या आयुष्यात आली ती कामातून. मी घरी बसून बियाण्यांच्या पाकिटांवरचा मराठी मजकूर तपासते. पेरणीचं अंतर, पाणी कधी द्यायचं, बी कसं साठवायचं, असला मजकूर. ज्या कंपनीचं हे काम आहे तिच्या जालन्याच्या पॅकिंग विभागात नसरीन आहे. मी पाठवलेला मजकूर तिच्याकडे जातो, आणि एकदा तिनं कळवलं की मी दुरुस्त केलेलं वाक्य शुद्ध आहे पण आमच्याकडचा कुठलाही शेतकरी असं बोलत नाही. आम्ही दोन दिवस भांडलो. त्यानंतर पाकिटांवरून गप्पा डाळीच्या भावावर आल्या, तिथून तिच्या पायाला लागलेल्या चपलेवर, माझ्या शेजारणीच्या भजनी मंडळावर, आणि मग कशावरही. 'मॅडम'ची 'तू' झाले. वर्षानुवर्षं रोज मेसेज. फोनवर नाही, लिहूनच. लिहिताना मला विचार करायला वेळ मिळतो. लिहिताना मी विनोदीसुद्धा असते. नसरीनच्या फोनमध्ये राहणारी मीनल ही एक साधी, हुशार, जराशी भांडकुदळ बाई होती, आणि मला ती फार आवडायची. म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मी नसरीनला कधी सांगितलं नाही.

ह्या हिवाळ्यात तिनं लिहिलं, रजा काढ आणि मंठ्याला ये, अम्मी रोज विचारते. मी तीन वेळा नाही म्हणाले आणि चौथ्यांदा तिकीट काढलं.

जालना

नसरीन नोकरीसाठी आठवडाभर जालन्यात खोली घेऊन राहते आणि सुटीला मंठ्याला घरी जाते. म्हणून आधी जालन्यात भेटायचं ठरलं. बसस्टँडवर ती हिरवी ओढणी घेऊन उभी असणार होती. ती उभी होतीच, पण फोटोपेक्षा बुटकी आणि फार मोठ्यानं हसणारी निघाली. तिनं धावत येऊन मला मिठी मारली. मी विजेच्या खांबासारखी उभी राहिले. मिठी संपल्यावर माझ्या लक्षात आलं की आपणही हात पुढे करायचे होते, म्हणून मी तेव्हा केले. तोवर ती माझी पिशवी उचलायला वाकली होती.

तिनं मला मोसंबीच्या रसाच्या गाड्याजवळच्या बाकावर बसवलं. रस ताजा होता, बर्फ घालू नका म्हटल्यावर रसवाल्यानं घातला नाही. इथवर उत्तम. पण बोलायचं काय ते दोघींनाही सुचेना. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं की शब्द जात होते आणि रस्त्याकडे बघितलं की उद्धट वाटत होतं. असा बराच वेळ गेला. मग माझा फोन वाजला. शेजारी बसलेल्या नसरीननं मला मेसेज केला होता: 'कामून अशी बसलीस, भूत बघितल्यासारखी?' मी उत्तर लिहिलं, 'तू बुटकी आहेस हे सांगितलं नव्हतंस.' ती रस नाकातून येईपर्यंत हसली. आम्ही थोडा वेळ तशाच एकमेकींना लिहीत बसलो, आणि मग हळूहळू तोंडानं बोलायला लागलो, दोघी समोर रस्त्याकडे बघत. रसवाला आम्हाला वेड्या समजला असेल. त्या दिवशी मला त्याचं काहीच वाटलं नाही. आपण निभावतो आहोत, असं वाटलं.

मंठा

जालन्याहून मंठ्याला जाताना दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती आणि मधेमधे तुरीचे पट्टे उभे होते. काळी जमीन, पांढरी बोंडं. पुण्याच्या आसपास इतकं सपाट आणि इतकं रिकामं आभाळ बघायला मिळत नाही. माझ्या डोळ्यांना तिथे बरं वाटलं, कारण एका वेळी एकच गोष्ट बघायची होती.

नसरीनच्या अब्बूंचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. दुकानात कापूस पिंजायचं यंत्र चालू होतं, म्हणून मी दारातच थबकले; त्या आवाजानं माझे दात शिवशिवतात. अब्बूंनी काही न विचारता यंत्र बंद केलं. कापसाच्या पुंजांनी त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. ते म्हणाले, "आओ बेटी," आणि मी आत गेल्यावर पुन्हा यंत्र सुरू केलं.

अम्मी ठेंगण्या, गोऱ्या, सतत हात चालू असलेल्या बाई आहेत. घरात ही मंडळी उर्दू बोलतात, बाहेर मराठी. अम्मींचं मराठी थोडकं आणि माझं हिंदी पुस्तकी, तरी आमचं जमलं. माझ्यासाठी त्यांनी शाकाहारी स्वयंपाक केला होता, आणि त्यासाठी नवीन पातेलं आणलं होतं. माझं आडनाव असं आहे की ते ऐकल्यावर जात विचारावी लागत नाही. मी खरं तर अंडी-कोंबडी खाते. ते मी नसरीनला कळवायचं राहून गेलं होतं, आणि आता पातेलं बघितल्यावर सांगणं मला बरं वाटेना.

दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरलं. मसुराची पिवळी खिचडी, वांग्याचं रस्सेदार सालन, पापड, आणि खट्टा. खट्टा म्हणजे चिंच, तीळ आणि कांद्याचं पातळ आंबट कालवण. ते खिचडीवर ओतून खातात. मी माझ्या ताटाची वाट बघत बसले. ताट आलं ते परातीएवढं मोठं, आणि अम्मी त्याच्या एका बाजूला बसल्या. दुसरी बाजू त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली.

"हमारे घर में मेहमान पहली दफा अकेला नहीं खाता," त्या म्हणाल्या. "मेरे साथ खाता."

त्यांनी खिचडीवर खट्टा ओतला, हातानं कालवला, आणि पहिला घास करून माझ्यापुढे धरला.

आता हे कसं सांगायचं? कोरड्या पदार्थाला पातळ लागलं की तो मला खाता येत नाही. माझ्या घरी ताटात वरण भाताला शिवू नये म्हणून वाटी असते आणि वाटीखाली बशी असते. दुसऱ्याचा हात त्याच अन्नात फिरताना दिसला की माझा घसा आवळतो, मग तो हात कुणाचाही असो. ह्यात किळस नाही, निवड नाही. पापणी मिटते तसा घसा मिटतो. अशा वेळेसाठी डॉक्टरीणबाईंनी मला एक वाक्य पाठ करायला लावलं आहे, की मला जरा वेगळं ताट मिळेल का, मला तसं सोपं जातं. मी ते घरी आरशासमोर म्हणून बघितलेलं होतं. पण घास ओठांपाशी आला आणि वाक्याचं पुढचं-मागचं सगळं गळून पडलं. मी मागे सरकले, हातानं अम्मींचा हात बाजूला केला आणि म्हणाले, "मला वेगळं ताट द्या. मी कुणाच्या ताटात जेवत नाही."

अम्मींनी तो घास परत ताटात ठेवला. त्या उठून आत गेल्या आणि एक स्टीलचं ताट घेऊन आल्या. ताट कोरं करकरीत होतं, दुकानाचं चिकटवलेलं लेबल अजून त्यावर होतं. नसरीननं ते नखानं खरवडून काढलं, ताट धुतलं, पुसलं, आणि माझ्यापुढे ठेवलं. मी कोरडी खिचडी आणि पापड घेतला. आता घसा सुटला होता. मी पोटभर जेवले. खिचडी फार सुरेख होती, हे मी दोनदा सांगितलं. बाकीचे कमी बोलत होते, त्याचंही मला बरंच वाटलं, कारण जेवताना मला बोलणं जमत नाही. किती समजूतदार लोक आहेत, मागितलं आणि ताट मिळालं, कुणी कारणसुद्धा विचारलं नाही, असं माझ्या मनात आलं. मी खूश होऊन झोपले. हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

हुरड्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी नसरीनच्या खालाच्या शेतावर हुरड्याला जायचं होतं. खाला म्हणजे अम्मींची धाकटी बहीण. तिचं सासर मंठ्यापासून जवळच्या एका गावात आहे. आम्ही दोघी काळ्या-पिवळ्या जीपमधून निघालो. त्या जीपमध्ये किती माणसं मावतात ह्याला मर्यादा नसते. माझ्या मांडीवर कुणाची तरी पिशवी होती, पिशवीत मेथी होती. मी मेथीच्या वासावर लक्ष ठेवून बसले होते. नसरीन सकाळपासून मुकी होती. मला वाटलं, तिलाही गर्दी आवडत नसेल.

गावाच्या अलीकडे जीप थोडी रिकामी झाली तेव्हा ती म्हणाली, "एक विचारू? राग नको मानू."

मी विचार म्हटलं.

"आमच्या ताटातलं तुमच्यात चालत न्हाई ना?"

तेव्हा मला कळलं. एकदम, सगळं. नवं पातेलं, कोरं ताट, अम्मींनी परत ठेवलेला घास, सगळ्यांचं कमी बोलणं. माझं वाक्य त्या घरात कसं ऐकू गेलं असेल ते मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या आडनावाची बाई त्या घरात बसून 'मी कुणाच्या ताटात जेवत नाही' म्हणाली होती.

खरं कारण मला सांगता आलं असतं. ते सांगायला तीन-चार वाक्यं पुरली असती. पण ती सांगितली की नसरीनच्या फोनमधली मीनल तिथेच संपणार होती. मग ती माझ्याकडे इतर लोक बघतात तसं बघणार होती, जरा हळू बोलणार होती, माझ्या प्रत्येक मेसेजमध्ये आजार शोधणार होती. आणि दुसरीकडे तिनंच एक तयार उत्तर माझ्या हातात ठेवलं होतं. सोवळं सगळ्यांना कळतं. त्याचा राग येतो, वाईट वाटतं, पण ते समजावून सांगावं लागत नाही. त्यात मी वाईट दिसत होते, विचित्र दिसत नव्हते. माणसांत वावरताना मी जन्मभर मुखवटेच घातले आहेत. हा हाताशी होता, तो मी घातला.

"हो," मी म्हणाले. "घरची सवय."

आमच्या घरची अशी काहीही सवय नाही. माझे वडील फिरतीवर मिळेल तिथे जेवायचे आणि माझी आई कुणाच्याही घरी मांडी ठोकून बसते. एका शब्दात मी त्यांनाही त्यात ओढलं.

नसरीन खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अम्मीला वाटलंच होतं. तिनं ते ताट आधीच आणून ठेवल्तं. मीच म्हणले होते, मीनलला लागणार न्हाई. लई खात्रीनं म्हणले होते."

खालाचं शेत

हुरड्याचं वर्णन करायचं तर ज्वारी कोवळी हवी, दाणा दुधाचा हवा, शेणाच्या गोवऱ्यांची आगटी हवी. कणसं राखेत खुपसून भाजतात आणि गरम असतानाच तळहातावर रगडतात. फुंकर मारली की भुसा उडतो आणि हिरवे दाणे हातात राहतात. ते दाणे ज्याचे त्यानं खायचे नसतात. रगडणारा दुसऱ्याच्या ओंजळीत ओततो. बरोबर लसणाची चटणी, गूळ, दही. थंड वाऱ्यात धुराकडे पाठ करून बसायचं. ह्यात मला न चालण्यासारखं काहीच नव्हतं. कोरडा, गरम, एकेक सुटा दाणा. असलं अन्न मी कुणाच्याही हातून खाते.

खाला उंच, रापलेली, बोलकी बाई. तिनं आल्याआल्या माझ्यासाठी पहिलं कणीस रगडायला घेतलं होतं. तेवढ्यात नसरीन तिच्या कानाशी काहीतरी बोलली. खालाचे हात थांबले. हातातले दाणे तिनं नसरीनला दिले, मग राखेतून दुसरी कणसं काढली आणि कागदावर घालून माझ्यापुढे ठेवली.

"तुमीच मळून घ्या ताई," ती म्हणाली. "मंग आमचा हात न्हाई लागत त्याला."

ती हे रागानं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. पाव्हणीला उन्हात बसू नका सांगावं तितक्या मायेनं ती म्हणाली. गावातल्या दुकानातून तिनं माझ्यासाठी बंद बाटलीचं पाणी मागवलं. घरच्या माठातलं मला चालणार नाही ह्याबद्दल तिलाच वाईट वाटत होतं. आधी कळलं असतं तर वेगळी सोय केली असती, असं ती दोनदा म्हणाली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आपल्याच घरात, आपल्याच शेतात, ती माझी माफी मागत होती, आणि मी मान डोलावत होते.

मला कणीस रगडता येत नाही. दोन्ही तळहात भाजले, दाणे भुश्यासकट मातीत गेले. समोर बाकीचे एकमेकांच्या ओंजळीत हुरडा ओतत होते, हसत होते, चिमटीनं चटणी वाढत होते. त्या गोलात मला जागा होती. मी तिथेच बसलेली होते, आगटीची ऊब माझ्यापर्यंत येत होती. पुण्याच्या घरात मी खूप एकटी राहिले आहे, पण तिथे माझ्यामुळे कुणी हात आवरून घेत नाही. मला तिथून उठून पळावंसं वाटलं, आणि पळून जायचं तर कुठे, तेही माहीत नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये सांगू असं मी ठरवलं. जीपमध्ये सांगितलं नाही. घरी आल्यावर सांगू असं ठरवलं. घरी अम्मींनी तेच ताट पुसून, आता न विचारता, माझ्यापुढे ठेवलं. मी जेवले.

पुन्हा मंठा

निघायच्या दिवशी सकाळी अम्मी अंगणात रजईला टाके घालत होत्या. रजई जमिनीवर पसरलेली होती, अम्मी तिच्याच एका कोपऱ्यावर बसल्या होत्या, दुसऱ्या टोकाला नसरीन सुईत दोरा ओवत होती. माझी बॅग भरून झाली होती. बस दुपारची होती. मी रजईच्या कडेला बसले, कारण टाक्यांकडे बघत बोलता येईल असं वाटलं.

माझ्याकडे ह्यासाठी पाठ केलेलं वाक्य नव्हतं. हिंदी-मराठीची खिचडी करून मी बोलत सुटले. मी म्हणाले की ताटाचं जे झालं ते जातीमुळे झालं नाही. मी कुणाच्याच ताटात जेवू शकत नाही, पातळ-कोरडं एकत्र खाऊ शकत नाही, कुणी अंगाला हात लावला तर दचकते, गर्दीत मला ऐकू येईनासं होतं. ह्याला नाव आहे, डॉक्टरांनी दिलेलं. मी ते सांगितलं. अम्मींना ते नाव माहीत नव्हतं. नसरीनला माहीत होतं. तिच्या हातातला दोरा थांबला.

अम्मींनी विचारलं, "तो तुम्हारी अम्मी के हाथ का भी नहीं खाया कभी?"

मी म्हणाले, नाही. लहान होते तेव्हापासून नाही. ताट ठेवून ती बाजूला व्हायची, मग मी जेवायचे.

"फिर वो किसके साथ खाती थी?"

ह्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. वडील फिरतीवर असायचे. आई माझं झाल्यावर स्वयंपाकघरात जायची, एवढं आठवलं. आत तिनं काय केलं ते मी कधी बघितलं नव्हतं. मी तसं सांगितलं. अम्मी "या अल्लाह" असं हळूच म्हणाल्या, माझ्यासाठी नाही, आईसाठी.

मग त्यांनी सुई पुन्हा उचलली आणि त्यांच्या एका मामूंची गोष्ट सांगितली. हे मामू जन्मभर भिंतीकडे तोंड करून जेवले. कुणी बघितलं की ताट टाकून उठायचे. लोक म्हणायचे, नजर लागेल म्हणून भितात. "तुम पहले बोलते तो मैं तुमको भी दीवार दिखा देती," असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. पहिल्या दिवशी त्यांचा हात ढकलला म्हणून मी माफी मागितली. त्यांनी टाका ओढून दोरा दातानं तोडला आणि उन्हाळ्यात आईला घेऊन यायला सांगितलं. अम्मींच्या बाजूनं ते तिथे मिटलं. इतकं लवकर मिटलं की मला आणखी लाज वाटली, कारण तीन दिवस मी ज्या गोष्टीला भीत होते ती ह्या बाईंनी रजईच्या दोन टाक्यांत आटोपली होती.

नसरीन हसली नव्हती. ती उठून माझी बॅग घेऊन बाहेर गेली.

बसस्टँड

मंठ्याच्या स्टँडवर त्या दिवशी बाजाराची गर्दी होती. आम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलो, दोघी समोर बघत. मला वाटलं ती मेसेज करेल. फोन तिच्या हातात होता, पण ती लिहीत नव्हती.

"ताटाचं समजलं मला," शेवटी ती म्हणाली. "ते तू पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तरी समजलं असतं. जीपमधलं न्हाई समजलं. मी विचारलं तव्हा तू हो कामून म्हणलीस?"

मी खरं ते सांगितलं. मला तुझ्यासमोर वेडी दिसायचं नव्हतं, असं म्हणाले.

तिनं हातातला फोन बंद केला. मग एकेक शब्द मोजल्यासारखी म्हणाली, "म्हंजे तू वेडी दिसण्यापरीस आम्ही खालचे दिसलेलं चाललं तुला."

मला खूप काही म्हणायचं होतं. ते क्षणात झालं, मी विचार केला नव्हता, त्या क्षणी घाबरले होते, मी तुम्हाला कधीच खालचं मानलं नाही. हे सगळं खरं होतं. पण तिनं विचारलं होतं ते ह्यातलं नव्हतं. तिनं विचारलं होतं त्याचं उत्तर एकच होतं.

"हो," मी म्हणाले.

नसरीननं मान हलवली. तेवढ्यात बस लागली आणि सगळे दाराकडे धावले. तिनं बसच्या बाजूला पळत जाऊन एका खिडकीतून आत रुमाल टाकला, जागा धरली, आणि मला दारापर्यंत ढकलत नेलं. मी जागेवर जाऊन बसले. रुमाल खिडकीतून तिच्या हातात दिला.

"मला आता थोडे दिवस राग येऊ दे," ती खालून म्हणाली. "मी बोलणार न्हाई. मंग बोलीन."

माझ्यावर आजवर रागावलेली माणसं न सांगता रागावली. फोन थांबायचे, बोलावणी थांबायची, आणि मी वर्ष-वर्ष कारण शोधत बसायचे. कित्येकांचं अजून सापडलेलं नाही. रागावणार आहे असं तोंडावर सांगून रागावणारी नसरीन पहिली. मी तिला बरं म्हटलं.

थोडे दिवस म्हणजे किती, हे मला विचारायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, आणि बस निघाली. पुण्याला येऊन आता बरेच दिवस झाले. पाकिटांचा मजकूर येतो, मी तपासून पाठवते, ती 'मिळाला' एवढंच लिहिते. मी अजून विचारलेलं नाही.